दुर्बिणीचा हात आधी डब्यावर बसवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही एम.एस. होऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू झालात. तिथे नवा गॅस्ट्रोस्कोप, म्हणजे घशातून जठर बघायची दुर्बीण, आला आहे. शिकताना तुमच्या हातून जेमतेम वीसेक दुर्बिणी झाल्या आणि नागपूरहून एक वरिष्ठ डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत : सिम्युलेटरवर, म्हणजे पेशंटऐवजी सरावाच्या मॉडेलवर, शिकण्यात खरंच अर्थ आहे, की सांभाळून पेशंटवरच हात बसवावा? आणि तीन दिवसांच्या कोर्सला पैसे घालावेत, की जागच्या जागी काही करता येईल?

अर्थ आहे. जागच्या जागीही, गावातच बनवलेल्या साध्या डब्याच्या मॉडेलवर, करता येतं, आणि ते तुम्ही या महिन्यापासून सुरू करावं असं मला मनापासून वाटतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी चोवीस वर्षं दुर्बिणीचं काम करतो आहे. माझं स्वतःचं शिक्षण कसं झालं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा आग्रह तिथूनच आला आहे.

मी ज्या रुग्णालयात शिकलो तिथे पद्धत एकच होती : दहा बघ, अकरावी कर. माझी अकरावी दुर्बीण एका कापूस वेचणाऱ्या बाईची होती. पोटात जळजळ, वजन कमी झालेलं. मी स्कोप घशात तीन वेळा अडकवला, अन्ननलिकेत उतरल्यावर भिंतीवर आपटत राहिलो, पायलोरस, म्हणजे जठराचं खालचं दार, सापडेना म्हणून जठर हवेने तट्ट फुगवलं. वीस मिनिटं लागली. स्कोप बाहेर आला तेव्हा टोकाला रक्ताची रेघ होती. बाई उठून बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि मला हात जोडून म्हणाल्या, "लय चांगलं केलं बापा." मला तेव्हा वाटलं, जमलं.

आपल्याकडच्या पेशंटची हीच गोष्ट नव्या डॉक्टरला फसवते. तो तक्रार करत नाही. भामरागड-एटापल्लीहून एस.टी. बदलत आलेला माणूस, ज्याला नागपूर गाठायचं तर अख्खा दिवस आणि मजुरी जाते, तो तुमच्या हाताला खडबडीत म्हणणार नाही. "काही नाई होऊन राह्यलं साहेब, करा तुम्ही," एवढंच म्हणेल. शहरातला पेशंट दुसऱ्या मिनिटाला हात झटकतो आणि शिकणाऱ्याला आपोआप चूक कळते. इथे कळत नाही. म्हणून चूक दाखवणारी दुसरी काहीतरी सोय आपल्यालाच करावी लागते, आणि मॉडेलची खरी गरज मोठ्या शहरापेक्षा आपल्या बाजूला जास्त आहे.

मॉडेलवर शिकण्याचा फायदा नेमका कोणाला आणि किती, यावर नीट अभ्यास झालेले आहेत. न्यूयॉर्कच्या परिसरातल्या रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट करून एका गटाला कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या, संगणकी सिम्युलेटरवर १० तास सराव दिला होता. तो अभ्यास २००६ मध्ये छापून आला. सराव केलेला गट पहिल्या ८० केसेसपर्यंत स्पष्टपणे पुढे होता. मग दोन्ही गट सारखे झाले, आणि ९० टक्के केसेस स्वतंत्रपणे जमायला दोन्ही गटांना साधारण १६० केसेसच लागल्या. काही जण याचा अर्थ असा काढतात की शेवटी फरक काही पडत नाही. मी उलटा अर्थ काढतो. डॉक्टरला फरक पडला नसेल, पण त्या पहिल्या ८० माणसांना पडला. २०१८ मध्ये अशा १८ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला, त्याचाही सूर असाच आहे : अगदी नवख्याला सुरुवातीला याचा उपयोग होतो, पण पेशंटवरच्या देखरेखीखालच्या शिक्षणाची जागा सिम्युलेटर घेतो असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. तुमच्या वीस केसेस म्हणजे तुम्ही अजून त्याच सुरुवातीच्या टप्प्यात आहात.

आता हाताबद्दल, कारण डब्यावर बसायचा तो हाच.

स्कोपचं डोकं डाव्या तळव्यात, करंगळी आणि अनामिकेने धरलेलं. तर्जनी वरच्या लाल बटणावर, ते सक्शन. मधलं बोट खालच्या निळ्या बटणावर : भोक नुसतं झाकलं की हवा, दाबलं की भिंग धुणारं पाणी. अंगठा मोठ्या चाकावर, वर-खाली. गॅस्ट्रोस्कोपचं टोक वरच्या बाजूला २१० अंशांपर्यंत वळतं, खाली ९० पर्यंतच, म्हणून जे बघायचं आहे ते 'वर' आणायची सवय लावायची. उजवा हात नळीवर, आणि तो नळी सोडत नाही. नवखे डॉक्टर डावी-उजवी करायला उजवा हात सोडून छोटं चाक फिरवतात. तेवढ्यात नळी सरकते, चित्र जातं, मग परत शोधाशोध. डावी-उजवी बाजू मनगटाच्या पिळाने करायची, नळी बोटांत फिरवून. हा पिळ वाचून येत नाही. पहिले दोन आठवडे डावा अंगठा संध्याकाळी दुखला तर समजा, बरोबर चाललं आहे.

मी वापरतो तो डबा असा. पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा प्लास्टिक कॅन म्हणजे जठर. त्याच्या तोंडाला वायरिंगचा एक इंची कोरुगेटेड पाइप, २५ सेंटिमीटर कापलेला. आपली अन्ननलिका साधारण तेवढीच असते. पाइपाच्या वरच्या टोकाला रबरी हातमोज्याचं बोट ताणून बसवायचं आणि शेंड्याला छोटी चीर द्यायची, म्हणजे घशातला अरुंद भाग होतो. कॅनच्या खालच्या कोपऱ्यात सुपारीएवढं भोक, त्याला तसंच रबर, हा पायलोरस. त्यापुढे नळाचा एल्बो, हे ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात. कॅनच्या आतून १ ते ८ आकडे चिकटवायचे : दोन तोंडाच्या अगदी भोवती, जे स्कोप पूर्ण उलटा वळवून मागे बघितल्याशिवाय दिसणारच नाहीत, एक वळणाच्या आड, आणि एक एल्बोच्या आत. आकडे आत नीट चिकटवायला कॅन मधून कापून परत टेपने जोडावा लागतो. वरून काळं कापड. सगळं एका लाकडी फळीवर, पेशंट डाव्या कुशीवर झोपतो त्या उंचीला पक्कं करायचं, कारण डगमगणाऱ्या डब्यावर उजवा हात काहीच शिकत नाही. गावातला इलेक्ट्रिशियन आणि सुतार दोघं मिळून अर्ध्या दिवसात करून देतात.

काम सोपं नाही : आठही आकड्यांचे क्रमाने फोटो काढायचे, टोक भिंतीला न लावता. भिंतीला भिंग चिकटलं की पडदा कोरा होतो. पोटात हाच पडदा लाल होतो, आणि लाल पडद्यावर पुढे ढकलणं हीच सुरुवातीची सगळ्यात धोक्याची सवय. म्हणून पडद्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं आणि नंतर पडदा किती वेळा कोरा झाला, कोरा झाल्यावर हात मागे आला की पुढे गेला, ते मोजायचं. वेळ मी पहिल्या आठवड्यात लिहूच देत नाही. घड्याळ लावलं की मुलं ढकलायला लागतात.

आठ आकडे सहज व्हायला लागले की कॅनमध्ये दोन बाटल्यांची झाकणं चिकटवायची, एकात दहा तुरीचे दाणे. बायोप्सी फोर्सेप्सने, म्हणजे तुकडा काढायच्या लांब चिमट्याने, एक-एक दाणा उचलून दुसऱ्या झाकणात. इथे कळतं की फोर्सेप्स पडद्यावर मधोमध येत नाही, डावीकडे खालून, घड्याळातल्या सातच्या जागेवरून येतो, म्हणजे लक्ष्यही तिथेच आणावं लागतं. तसंच, सहायकाला 'उघडा', 'बंद' म्हणायची लय बसते. हे सिस्टरना सोबत घेऊनच करा, कारण केसमध्ये फोर्सेप्स त्याच चालवणार आहेत. एक सक्त सूचना : टोक पूर्ण वळलेलं असताना फोर्सेप्स जोराने आत रेटायचा नाही आणि चॅनेलमध्ये, म्हणजे तो ज्यातून जातो त्या स्कोपच्या आतल्या पोकळीत, तो कधीच उघडायचा नाही. २.८ मिलिमीटरचं चॅनेल एकदा आतून फाटलं की स्कोप दुरुस्तीला जातो आणि जिल्ह्यातली दुर्बीण महिनोन्महिने बंद राहते.

त्यानंतर रुपयाचं नाणं, उंदीरदाती फोर्सेप्सने पकडून पाइपातून बाहेर. आपल्याकडे नाणं गिळलेलं पोर आणि सावजीच्या मटणातलं हाड अडकलेला माणूस ठरलेलाच, त्यामुळे हा सराव वाया जात नाही. अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्ताची उलटी झालेल्या पेशंटच्या शिरेला रबरी बँड लावायची तयारी मात्र सगळ्यात शेवटी : हातमोज्याच्या बोटात पाणी भरून ते पाइपाच्या आत बसवायचं, सक्शनने स्कोपच्या टोकावरच्या टोपीत पूर्ण ओढायचं, पडदा पूर्ण भरला की मगच बँड सोडायचा. अर्धवट ओढून सोडलेला बँड निसटतो. डब्यात निसटला तर हसून सोडून देता येतं, रक्त वाहत असताना नाही.

स्कोप कोणता वापरायचा, हा खरा अडचणीचा प्रश्न. उत्तम म्हणजे मोठ्या रुग्णालयातून बाद झालेला जुना स्कोप, जो तुमच्या प्रोसेसरला, म्हणजे पडद्यावर चित्र देणाऱ्या यंत्राला, जुळतो. तुमच्या नागपूरच्या वरिष्ठांना सांगून ठेवा; अशी बाद उपकरणं कपाटात पडून असतात. तो मिळाला की त्याच्या डोक्यावर लाल रंगाने 'फक्त सराव' लिहा. नाही मिळाला, तर रुग्णालयाचाच स्कोप कोरड्या, स्वच्छ डब्यात वापरता येतो, आणि सरावानंतर त्याला पेशंटनंतर करतो तीच पूर्ण धुलाई : आधी लीक टेस्ट (स्कोप कुठे गळत तर नाही ना ते बघणं), ब्रशने चॅनेल, एन्झाइमचं पाणी, मग जंतुनाशकात पूर्ण वेळ. ही धुलाई स्वतः हाताने दहा वेळा करा. लीक टेस्ट न करता पाण्यात बुडवलेला स्कोप मी स्वतः बघितला आहे, आतून पाणी गेलेला, कायमचा आंधळा. घसरायला पाण्यात विरघळणारी जेलीच, व्हॅसलिन किंवा तेल कधीच नाही, त्याने रबर खराब होतं.

खाटकाकडून बकऱ्याचं जठर आणून त्यावर शिकावं असं तुमच्या मनात येईलच, माझ्याही आलं होतं. कल्पना चांगली आहे. जर्मनीत एर्लांगेनला १९९० च्या दशकाच्या शेवटी डुकराचे अवयव साच्यात बसवून अशी मॉडेलं तयार झाली, आणि रक्तस्राव थांबवण्याचा सराव त्यावर फार चांगला होतो. पण प्राण्याच्या अवयवात गेलेला स्कोप पुन्हा माणसात घालायचा नाही. कितीही धुतला तरी नाही. बाद स्कोप हातात नसेल तर बकऱ्याचा विचार सोडा.

रोज अर्धा तास करा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा ओपीडी संपल्यावरचा रोजचा अर्धा तास हातात जास्त टिकतो. आणि कोणीतरी चूक सांगणारं हवंच. २००४ चा लंडनचा एक अभ्यास आहे : कोलोनोस्कोपी सिम्युलेटरवर नवख्यांना नुसतं बसवलं, कोणीच काही सांगितलं नाही, तर ते सुधारलेच नाहीत. यंत्र होतं, वेळ होता, सांगणारा नव्हता. तुमच्याकडे सांगणारा महिन्यातून दोनदा येतो. बाकीचे दिवस रेकॉर्डिंग करा आणि आठवड्यातला एक व्हिडिओ त्यांना पाठवा. त्यांना एक विनंती माझ्याकडूनही करा : हात चालू असताना बोलू नका, झाल्यावर सांगा. मी वर्षानुवर्षं शिकणाऱ्याच्या कानाशी 'डावीकडे, डावीकडे, अरे डावीकडे' करत राहिलो. बोलणं थांबवून केस संपल्यावर दोनच चुका सांगायला लागलो तेव्हा मुलं लवकर शिकायला लागली. याचीही रीतसर चाचणी झालेली आहे आणि शेवटी सांगणंच सरस ठरलं.

कोर्सबद्दल थोडक्यात. ज्या कोर्समध्ये तुमच्या हातात स्कोप दिवसातून निदान दोन तास असेल आणि एका स्टेशनवर तीन-चारच जण असतील, त्याला जा. ज्यात मोठ्या पडद्यावर थेट केसेस बघायच्या आहेत, त्याचे पैसे वाचवा. फुगे फोडण्याचे खेळ आणि कण्हणारा पेशंट असलेले संगणकी सिम्युलेटर फार सुंदर असतात, संधी मिळाली तर जरूर बसा, पण उपजिल्हा रुग्णालयाने ते विकत घेण्याच्या मागे लागू नये. वैद्यकीय महाविद्यालयांना आता स्किल लॅब बंधनकारक आहे. विदर्भात सेवाग्राम, सावंगी, नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर अशी कितीतरी महाविद्यालयं आहेत. तिथल्या विभागप्रमुखांना पत्र लिहून, सुट्टीच्या आठवड्यात बसायची परवानगी मागा.

आता डबा काय शिकवत नाही, ते. इथे मी जास्त थांबणार आहे.

डब्याला घसा नसतो. डबा ओकत नाही, घाबरत नाही, त्याचा ऑक्सिजन उतरत नाही. मिडाझोलम हे झोपेचं औषध दिल्यावर पेशंटचा श्वास कोण बघतं आहे, पल्स ऑक्सिमीटरचा आवाज चालू आहे का, उतारा म्हणून फ्लुमाझेनिल ट्रेमध्ये आहे का, हे सगळं पेशंटजवळच शिकायचं असतं. त्याची तालीम मात्र पेशंटशिवाय होऊ शकते : सिस्टर आणि मावशी यांच्यासोबत, टेबलावर डबा ठेवून, 'ऑक्सिजन ८५ झाला' असं मध्येच मोठ्याने म्हणायचं आणि कोण काय करतं ते बघायचं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा कळलं की सक्शनची दुसरी नळी खोलीतच नव्हती.

दुसरं, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. आपल्या भागातल्या पुस्तकाबाहेरच्या अडचणींत ही पहिली. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचं तोंड उघडत नाही. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते. पेशंटला टेबलावर घ्यायच्या आधी, ओपीडीतच, त्याच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटं उभी बसतात का ते बघा. दोनच बसत असतील तर माउथ गार्ड (स्कोप चावला जाऊ नये म्हणून दातांत धरायची कडी) जाईल का ते आधी लावून बघा, आणि ही केस तुमची नाही, वरिष्ठांची. बारीक स्कोप नाकातून घालण्याची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावं लागलं तरी चालेल. मी डब्याच्या तोंडाला मुद्दाम अरुंद लाकडी फट बसवून बघितली, पण त्या ताठ गालांची आणि त्यामागच्या भीतीची नक्कल होत नाही. तीन बोटांची तपासणी चुकली तर पेशंट टेबलावर, भूल अर्धी दिलेली आणि गार्ड जात नाही, अशा ठिकाणी तुम्ही उभे राहाल.

तिसरं, भाषा. घशातून उतरताना 'गिळा' आणि 'नाकाने श्वास घ्या' हे दोन शब्द पेशंटच्या भाषेत कानावर पडले की स्कोप निम्म्या त्रासात जातो. तुमच्याकडे माडिया आणि गोंडी बोलणारे लोक येतील. हे दोन शब्द स्थानिक सिस्टरकडून शिकून घ्या, उच्चार पाठ करा. माझ्या बाजूला मी तेलुगू बोलणाऱ्या मजुरांसाठी तसंच केलं.

आणि एक मी सांगतो, सल्ला म्हणून नाही, अनुभव म्हणून. बारा वर्षांपूर्वी मला स्वतःला ॲसिडिटीसाठी दुर्बीण करावी लागली. झोपेचं औषध न घेता, फक्त घशात स्प्रे मारून करून घेतली. त्या सात-आठ मिनिटांनंतर माझा उजवा हात कायमचा हलका झाला. लवचीक फायबरची दुर्बीण १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी पहिल्यांदा घशाखाली उतरवली ती स्वतःच्याच, पेशंटची पाळी नंतर आली. त्यांचं हे मला नेहमी आठवतं.

किती केसेसनंतर हात तयार झाला म्हणायचं, तेही सांगतो. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेचा बरीच वर्षं वापरात असलेला आकडा असा की वरच्या दुर्बिणीच्या निदान १३० केसेस झाल्याशिवाय कोणाची परीक्षाच घेऊ नये. डब्यावरचा सराव त्यात धरायचा नाही. कोलोनोस्कोपी सध्या मनातून काढून टाका. नळीचा आतड्यात पडणारा वेढा सोडवणं ही वेगळी विद्या आहे, तिचं मॉडेलही वेगळं आणि वेळही वेगळी. ॲसिड प्यायलेला पेशंट आणि रक्ताच्या उलटीचा पेशंट, या दोन केसेस एकट्याने अजून दोन वर्षं हातात घेऊ नका. आधी स्थिर करा, फोन करा, पाठवा.

डब्यावर सलग पाच दिवस आठही आकडे, पडदा दोनपेक्षा जास्त वेळा कोरा न होता जमले, की पहिला पेशंट घ्या, वरिष्ठ आले असतील त्या दिवशीच. पेशंट असा निवडा : मध्यम वयाचा, साधी जुनी जळजळ, तोंड तीन बोटं उघडणारं, सहा तास उपाशी. त्याला त्याच्या भाषेत सांगा की मी शिकतो आहे आणि मोठे डॉक्टर शेजारी उभे आहेत. मला वाटायचं हे सांगितलं तर लोक नाही म्हणतील. फार थोडे म्हणतात, आणि जे म्हणतात त्यांना तो हक्क आहे. घशातून दोन प्रयत्नांत उतरलं नाही तर स्कोप वरिष्ठांच्या हातात द्या. आत गेल्यावर दहा मिनिटांची मर्यादा सिस्टरने मोठ्याने सांगायची. बाहेर येताना हवा सक्शनने काढून घ्या, नाहीतर माणूस दिवसभर पोट धरून एस.टी.त बसतो. संध्याकाळी त्याच्या घरी फोन करा आणि 'त्रास झाला का' असं विचारू नका, कारण उत्तर 'नाई' असंच येईल. 'घसा दुखतो का, जेवण गिळताना कसं वाटलं, पोट किती वेळ फुगलेलं होतं' असं विचारा, आणि उत्तर केसच्या वहीत लिहून ठेवा.